शेतावरचं डिझेल इंजिन १:१२ मध्ये: नट-बोल्ट, पाइप, स्प्रिंग घरच्या घरी कसे बनवायचे

रणगाडे, विमानं, रेल्वे इंजिनं यांची किटं मिळतात, त्यांचे तयार नट-बोल्ट मिळतात, रेझिनचे डिटेल सेटपण मिळतात, पण विहिरीवरचं पाच एचपीचं डिझेल इंजिन, ज्याच्यावर आपल्याकडं गावोगावचा ऊस नि कांदा भिजला, त्याचं किट काही माझ्या बघण्यात नाही. म्हणजे करायचंच तर प्लास्टिकची शीट, तार आणि भंगार यातूनच करावं लागतं. मला वाटतं हे केलं पाहिजे, कारण ही इंजिनं आता विजेच्या मोटरी आणि सोलर पंप आल्यावर एकेक करून भंगारात चाललीयत आणि ती हाताला लावून बघता येतायत तोवरच त्यांची नीट मॉडेल्स होऊ शकतात.

इथं मी अख्खं इंजिन कसं उभं करायचं ते सांगत नाहीये. ठोकळा उभा करणं, म्हणजे खाली क्रँककेस, त्यावर सिलिंडर, त्यावर हेड, त्यावर रॉकर कव्हर, हे शीट कापून चिकटवून कुणालाही जमतं. खरी मजा आणि खरी मेहनत त्याच्यावरच्या बारीक यांत्रिक गोष्टींत आहे, बोल्ट, फ्लँज (पाइप जोडायची बोल्टची गोल चकती), डिझेलचे पाइप, गव्हर्नरची (इंजिनाचा वेग कायम ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग, लिव्हर, आणि तिथंच मॉडेल खेळणं दिसणार का यंत्र दिसणार हे ठरतं.

उदाहरणाला मी किर्लोस्करच्या एव्ही-१ धाटणीचं इंजिन धरतोय, उभं, एका सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं, ५ एचपी, १५०० आरपीएम, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ८० मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ११० मिमी. तुमच्याकडं राजकोटकडचं जुनं लिस्टर धाटणीचं असेल, दोन्ही बाजूला मोठी चाकं असलेलं आणि ६५० आरपीएमवर संथ टक टक करणारं, तरी चालेल, मापं बदलतील पण पद्धत तीच. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरला मोटरसायकलसारख्या पंख्या म्हणजे फिन्स नसतात, बाहेरून गुळगुळीत ओतीव अंग असतं आणि आतून पाणी खेळतं. इंजिन म्हटलं की फिन्स काढायचीच असं डोक्यात बसलेलं असतं, ते काढून टाका.

स्केल १:१२ घ्यायचं कारण सरळ आहे, एका फुटाचा एक इंच होतो आणि खऱ्या १२ मिमीचा मॉडेलवर १ मिमी. तोंडी हिशोब होतो. १:२४ ला १३ च्या पान्याचा बोल्ट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा येतो, तिथं तो षटकोनी आहे का गोल हे डोळ्याला कळतसुद्धा नाही, आणि १:१२ ला तोच बोल्ट १.१ मिमी येतो, म्हणजे सहा बाजू दाखवता येतात आणि दाखवल्याच पाहिजेत.

आता कात्री कटर हातात घ्यायच्या आधीचं काम. जवळपास जिथं असं इंजिन आहे तिथं जा, मालकाला विचारा, आणि इंजिन बंद आणि गार असताना मापं घ्या. टेप, व्हर्नियर, वही आणि मोबाइल एवढं पुरतं. फोटो काढताना स्टीलची पट्टी फोटोत ठेवा आणि जवळ जाऊन नको, चार-पाच पावलं मागं सरकून झूम करून काढा, कारण जवळून काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो आणि त्यावरनं मापं काढली की सगळंच चुकतं. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून, असे पाच फोटो सरळ हवेत, बाकी जवळचे कितीही घ्या.

आणि ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, माझं सगळं म्हणणं याच्यातच आहे. इंजिनावरचा एकही पाइप, एकही लिव्हर शोभेला नसतो. तो कुठून निघतो, कुठं जातो आणि आतून काय वाहतं हे कळल्याशिवाय तो मॉडेलवर चिकटवू नका. मी वहीत चार रस्ते काढतो. पहिला डिझेलचा, टाकीतून कॉककडं, तिथून फिल्टरला, फिल्टरमधून फ्युएल पंपाला, पंपातून जाड भिंतीच्या स्टील पाइपानं वर इंजेक्टरला. दुसरा पाण्याचा, विहिरीच्या पंपाच्या डिलिव्हरीवरून एक बारीक पाइप सिलिंडरच्या खालच्या अंगाला आत शिरतो आणि वर हेडमधून गरम होऊन बाहेर पडतो नि हौदात किंवा पाटात सोडलेला असतो. तिसरा हवेचा, एअर फिल्टरमधून आत आणि सायलेन्सरमधून बाहेर. चौथा ताकदीचा, फ्लायव्हील म्हणजे जड चाक, कपलिंग किंवा पट्टा, पंप. हे चार रस्ते बोटानं गिरवता आले की कुठला डिटेल राहिला आणि कुठला उगाच घुसला ते आपोआप दिसतं. जमलं तर इंजिन दुरुस्तीच्या गॅरेजला एक चक्कर मारा, उघडलेलं इंजिन बघायला मिळतं आणि मिस्त्री लोक मनापासून सांगतात. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, हा केसाएवढा पाइप कसला?" तर म्हणाले, "तो परतीचा हो दादा, इंजेक्टरमधनं झिरपलेलं डिझेल माघारी जातं." हा परतीचा पाइप लोक मॉडेलवर हमखास विसरतात, आणि ज्याला इंजिन माहितीय त्याची नजर पहिली तिथंच जाते.

सामान. पॉलिस्टायरीन शीट ०.२५, ०.५ आणि १ मिमीची, आर्किटेक्ट लोकांच्या मॉडेलचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. परदेशी रॉड आणि ट्यूब चांगल्या असतात पण महाग पडतात, त्या मोजून वापरा. सीडीचं जुनं पारदर्शक कव्हर हेसुद्धा पॉलिस्टायरीनच, कडक आणि सपाट, मशीन केलेल्या पृष्ठभागांना उत्तम, फक्त वाकवायला गेलात तर तडकतं. जुनं एटीएम कार्ड पीव्हीसीचं असतं, त्याला स्टायरीन विरघळवून जोडणारं सॉल्व्हंट नीट धरत नाही, तिथं फेविक्विकच. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार वजनावर मिळते आणि उरलेले तुकडे कधीकधी तसेच देतात. बारीक ड्रिल बिट म्हणजे ०.५ ते १ मिमीचे, पीसीबीसाठी वापरतात ते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, ते कार्बाइडचे असतात आणि जरा तिरका दाब आला की मोडतात, म्हणून हातानं फिरवायच्या पिन व्हाइसमध्ये लावताना अंगठ्यानं सरळच दाबा. निडल फाइलचा सेट, दाढीची ब्लेडं, व्हर्नियर. झालं.

आता बोल्ट. इथं थोडं थांबतो कारण एका इंजिनावर डझनावारी बोल्ट दिसतात आणि ते जमले की अर्धं मॉडेल जमलं.

माप कसं काढायचं? पान्याचा नंबर बघा. १९ चा पाना लागतो म्हणजे बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर १९ मिमी. त्याला १२ नं भागा, १.६ मिमी. २४ चा पाना लागला तर बरोबर २ मिमी. १७ चा १.४, १३ चा १.१. मालकाच्या पान्यांच्या पिशवीतला एकेक पाना बोल्टला लावून बघायचा आणि वहीत नंबर लिहायचा, व्हर्नियर आत शिरत नाही तिथंसुद्धा पाना शिरतो.

षटकोनी रॉड विकत मिळतो पण नेमकी हवी ती मापं मिळतीलच असं नाही, म्हणून मी घरी घासतो, आणि त्यासाठी एक साधा जिग, म्हणजे माप धरून ठेवणारी जुळणी, आहे जो मला फार आवडतो. एक एम-६ चा खरा नट घ्या, १० च्या पान्याचा. तो स्वतःच षटकोनी आहे, सपाट काचेवर ठेवला की प्रत्येक बाजूवर नेमका ६० अंशांनी वळून बसतो. आपला गोल स्टायरीन रॉड, साधारण २.५ मिमीचा, त्या नटाच्या भोकात मधोमध बसवायचा, भोक मोठं असतं म्हणून रॉडला कागदी टेप गुंडाळत जा आणि घट्ट झाला की फेविक्विकचा एक थेंब. रॉडचा दोन-तीन सेंटिमीटर भाग नटाच्या बाहेर राहिला पाहिजे. आता काचवाल्याकडून ६ मिमी जाडीच्या काचेच्या दोन पट्ट्या कापून घ्या, कडा त्यालाच घासून बोथट करायला सांगा, आणि खालच्या काचेवर त्या रॉडच्या दोन्ही बाजूंना समांतर चिकटवा, नट पट्ट्यांच्या बाहेर. फाइल दोन्ही पट्ट्यांवर आडवी टेकवून रॉड घासायला लागा. काचेवर फाइल घसरते, कापत नाही, त्यामुळं रॉड पट्ट्यांच्या उंचीला आला की घासणं आपोआप थांबतं. नट एका बाजूनं वळवा, परत घासा. सहा बाजू झाल्या की रॉड षटकोनी.

हिशोब असा की नटाचा मध्य काचेपासून ५ मिमीवर असतो, पट्टी ६ मिमीची, म्हणजे मध्यापासून १ मिमी उरतो आणि समोरासमोर २ मिमी, म्हणजे २४ च्या पान्याचा बोल्ट. १९ चा हवा असेल तर नटाखाली ०.२ मिमीचा कागद सरकवा, रॉड तेवढा वर उचलला जातो आणि १.६ मिमी मिळतो. ०.३ मिमीचं जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकवलंत की १.४ मिमी, १७ च्या पान्याचा. कागदाची जाडी व्हर्नियरनं मोजून घ्या आणि नटही मोजा, नट बरेचदा १० ऐवजी ९.८ भरतो, मग कागद तेवढ्या हिशोबानं थोडा जाड लागेल. अशा एका रॉडमधून भरपूर बोल्ट निघतात.

कापायच्या आधी रॉडच्या टोकाच्या सहा कोपऱ्यांवरून फाइल अगदी हलकी फिरवा, खऱ्या बोल्टच्या डोक्याचे कोपरे वरून उतरते असतात आणि एवढ्यानंच त्याच्यावर प्रकाश बरोबर पडतो. मग ब्लेडनं सरळ खाली दाबून चकती कापा, सॉसारखं मागं-पुढं करू नका, कड फाटते. किती जाड कापायचं? बोल्टच्या डोक्याची उंची बोल्टच्या व्यासाच्या साधारण ०.६५ पट असते आणि नटाची ०.८ पट, म्हणजे नट जाड, डोकं पातळ, हा फरक ठेवाच. एम-१२ साठी डोकं ०.६५ मिमी आणि नट ०.८ मिमी. एकसारखी जाडी यावी म्हणून कटिंग मॅटवर शीटची एक छोटी पट्टी अडथळा म्हणून चिकटवा, रॉड तिला टेकवायचा आणि ब्लेड खाली.

नट आणि बोल्ट कुठं कुठलं, हे पण बघा. सिलिंडर हेड स्टडवर (खाली घट्ट बसवलेल्या, आटे पाडलेल्या सळयांवर) बसतं, म्हणजे तिथं नट दिसतो आणि नटाच्या वर स्टडचं टोक दोन-तीन आटे बाहेर आलेलं असतं. मॉडेलवर नटाला मधोमध १ मिमीचं भोक पाडून त्यात १ मिमी तारेचा तुकडा घाला आणि साधारण ०.३ मिमी वर ठेवा. ती तार आधी एका बारीक फाइलखाली सपाट जागेवर दाबून गोल फिरवली तर फाइलच्या दातांचे वळ तारेवर उठतात आणि हुबेहूब आटे दिसतात. क्रँककेसच्या बाजूच्या दारावर आणि रॉकर कव्हरवर काय आहे ते तुमच्या फोटोत बघा, सगळीकडं एकच प्रकार ठोकून देऊ नका. वॉशर ०.१ मिमी कागदाचे, चामड्याच्या पंचनं पाडलेले, आणि कागद आधी पातळ फेविक्विकनं भिजवून वाळवलेला असला की कडा पिंजत नाहीत.

फ्लँजबद्दल एक बारकी पण पक्की गोष्ट. पाइपाच्या फ्लँजवर बोल्ट कधी बरोबर बाराच्या काट्यावर नसतो. भोकं उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना समान विभागून पाडायची रीत आहे, चार बोल्ट असतील तर ते तिरपे, ४५ अंशांवर येतात. हा नियम पाळला की फ्लँज लगेच खरा दिसतो. ३ इंची पाइपाचा फ्लँज साधारण १८५ मिमीचा धरा, म्हणजे मॉडेलवर १५.४ मिमी, आणि पाइप बाहेरून साधारण ८९ मिमी, म्हणजे ७.४ मिमी. दोन फ्लँजच्या मध्ये गळती थांबवणारं गॅस्केट असतं, ते विसरू नका. फ्लँजपेक्षा अर्ध्या केसानं मोठी अशी काळसर कागदाची चकती मध्ये घाला, आणि एका ठिकाणी ती जरा वेडीवाकडी बाहेर डोकावू द्या, कारण शेतावरचं गॅस्केट टायरची जुनी ट्यूब कापूनच केलेलं असतं. हेच हेड आणि सिलिंडरच्या मध्ये, रॉकर कव्हरच्या खाली, सगळीकडं, फक्त तिथं कड नीट आणि अगदी बारीक ठेवायची.

पाइप. वाइंडिंगची तार गुंडाळीतून निघते तेव्हा वेडीवाकडी असते, ती बोटांनी सरळ करत बसू नका. एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरं पक्कडीत, आणि जरा झटक्यानं ताणा, तार किंचित लांबते आणि एकदम सरळसोट होते. इंजेक्टरकडं जाणारा हाय प्रेशर पाइप बाहेरून ६ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे मॉडेलवर ०.५ मिमी, त्याला २५ गेजची तार बरोबर बसते. वाकवायच्या आधी तार गॅसवर लालसर करून पाण्यात बुडवा, तांबं मऊ पडतं आणि वरचं इनॅमलही जळतं, पण त्याचा धूर वाईट असतो, बाहेर गॅलरीत करा. वळण खिळ्याभोवती द्या, पक्कडीनं नको, पक्कड तारेला चपटी करते. खरा स्टील पाइप काटकोनात कधीच मोडत नाही, तो गोलाईनं वळतो, आणि दोन्ही टोकांना १७ किंवा १९ च्या पान्याचा नट असतो, म्हणजे आपल्या षटकोनी रॉडचा तुकडा, मध्ये ०.५ चं भोक, त्यातून तार. नट आधी तारेत ओवा, मगच वाकवा, नंतर वळणावरून नट सरकत नाही.

टाकीपासून फिल्टरपर्यंतचा कमी दाबाचा पाइप पुष्कळ वेळा प्लास्टिकचा असतो, पारदर्शक, डिझेलनं पिवळा पडलेला. त्याला मासेमारीचा तंगूस उत्तम, ०.६ किंवा ०.७ मिमीचा, वरून पिवळ्या-तपकिरी पारदर्शक रंगाचा एक हात. तंगूसला गुंडाळीची सवय असते, गरम पाण्यात बुडवून हव्या त्या आकारात धरा आणि गार पाण्यात घाला, तसाच राहतो. दोन्ही टोकांना क्लिप, म्हणजे फॉइलची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी एक वेढा देऊन शेपूट बाहेर ठेवलेली. पुष्कळ ठिकाणी क्लिपच्या ऐवजी बारीक तार पिळून बांधलेली असते, तुमच्या इंजिनावर तसं असेल तर तसंच करा, लाज वाटायचं काही कारण नाही, ते खरं आहे.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाची गोष्ट वेगळी. तो वाकवत नाहीत, एल्बो लावतात. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून साधारण २१ मिमी भरतो, म्हणजे १.८ मिमीची तार घ्या, वळणाच्या जागी तोडा आणि एल्बो वेगळा बनवा. एल्बोच्या दोन्ही तोंडांना जाड काठ असतो, तो कागदाच्या पट्टीचे दोन वेढे देऊन येतो, आणि काठाच्या बाहेर पाइपावर आटे थोडे उघडे दिसतात, आणि त्यात अडकलेले तागाचे पांढुरके धागे. हे धागे मी शिवणाच्या दोऱ्याचा पिळ उकलून एकेक तंतू घेऊन लावतो. बॉलपेनच्या रिफिलची नळी एक इंची पाइपाच्या मापाला जवळ आहे म्हणून लोक वापरतात, पण तिला ना फेविक्विक धरत ना रंग, त्यापेक्षा पितळी नळी घ्या.

स्प्रिंग बनवायला गिटारची सगळ्यात बारीक तार, ०.२३ किंवा ०.२५ मिमीची, म्हणजे खऱ्यातली ३ मिमीची तार झाली. ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यावर वेढे घालायचे, पण स्टील परत उलगडतं, म्हणून दांडा हव्या त्या मापापेक्षा बारीक घ्या, किती बारीक ते तुकड्यावर करून बघूनच कळतं. दाबाची स्प्रिंग असेल तर वेढ्यांमध्ये अंतर आणि दोन्ही टोकांचे वेढे चिकटलेले, ओढायची स्प्रिंग असेल तर सगळे वेढे एकमेकांना टेकलेले आणि टोकांना हुक. गव्हर्नरच्या लिव्हरवर बाहेरून दिसणारी स्प्रिंग कुठली आहे ते नीट बघा, ओढायच्या जागी दाबायची लावली की जाणकाराला लगेच खटकतं. तार कापताना डोळ्यावर चष्मा हवाच, तुकडा उडतो.

लिव्हर आणि जोड. गव्हर्नरचा लिव्हर आणि फ्युएल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दातेरी पट्टी) यांना जोडणारी सळई, बंद करायचा लिव्हर, रॉकर कव्हरवरचा डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडून हँडल मारणं हलकं करणारा लिव्हर. प्रत्येक लिव्हर एका पिनीवर फिरतो, पिनीला वॉशर आणि स्प्लिट पिन असते. लवचिक वायरमधला एक तंतू ०.२ मिमीचा असतो, तो दुमडून पिनीच्या भोकातून काढायचा आणि दोन पाय दोन दिशांना फाकवायचे. भोक पाडणं जमत नसेल तर पिनीच्या दोन्ही बाजूंनी तुकडे चिकटवले तरी चालतं. लिव्हर शीटमधून कापताना टोकं गोल आणि भोकाभोवती जाड बॉस म्हणजे गोल उंचवटा ठेवा, नुसती चपटी पट्टी कुठल्याच यंत्रात नसते. डीकॉम्प्रेशन लिव्हर कुठल्या बाजूला पडलेला आहे हे ठरवून लावा. इंजिन चालू दाखवायचं असेल तर तो खाली, हँडल मारायच्या तयारीत दाखवायचं असेल तर उचललेला आणि हँडल शाफ्टमध्ये अडकवलेलं. हँडल काढून बाजूला टेकवून ठेवलेलं आणि लिव्हर उचललेला, असं अर्धवट काही नको.

ओतीव अंगाचा पोत हा असा भाग आहे की जो केला नाही तर उरलेली मेहनत दिसत नाही. ओतीव लोखंड वाळूच्या साच्यातून येतं, त्याच्यावर बारीक खरखर असते आणि आतले कोपरे कधीच तीक्ष्ण नसतात, तिथं गोलाई असते. कोपऱ्यात आधी पुट्टीची बारीक वळी भरून टूथपिकच्या गोल टोकानं ओढा. मग गाड्या रंगवणारे वापरतात ती एनसी पुट्टी थिनरमध्ये दुधाएवढी पातळ करा आणि जुन्या टूथब्रशनं ठोकत ठोकत लावा, पातळ थर, मध्ये पूर्ण वाळू द्या, कारण थिनर स्टायरीनला विरघळवतो आणि जाड थर दिला तर पातळ शीट वाकते. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर अगदी हलका. जिथं मशीन केलेलं असतं, म्हणजे फ्लँजचं तोंड, बोल्ट बसतो ती गोल जागा, फ्लायव्हीलची बाहेरची कड, तिथं पुट्टी लागू द्यायची नाही, आधीच टेप लावा. खरखरीत अंग आणि गुळगुळीत तोंड शेजारी शेजारी आलं की ते प्लास्टिक आहे हे डोळा विसरतो.

टाकी पत्र्याचीच करा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा ०.१ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे खऱ्यातला १.२ मिमीचा, टाकीला अगदी योग्य. शीट गुंडाळून केलेली टाकी जाड आणि निर्जीव दिसते. कॅनच्या पत्र्याला पोचाही खरा पडतो, बोथट काडीनं एक दाबा, जास्त नको. आतला लॅकरचा थर पॉलिश पेपरनं काढल्याशिवाय रंग बसत नाही.

फ्लायव्हीलसाठी शीटच्या चकत्या एकावर एक चिकटवून, मध्ये बोल्ट घालून, ड्रिल मशीनमध्ये हळू फिरवत पॉलिश पेपरनं गोल करून घ्या. कड जाड ठेवा, वजन कडेलाच असतं. कडेवर टीडीसीची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाची खूण, एक छिन्नीची रेघ, बहुतेक इंजिनांवर कुणीतरी पांढऱ्या रंगानं ठळक केलेली असते.

चिकटवताना फेविक्विकनं आजूबाजूला पांढरी वाफ धरते, ती रंगाखाली झाकते पण पारदर्शक तंगूसवर आणि पितळेवर दिसते, म्हणून तिथं एपॉक्सी. बोल्ट चिकटवायला फेविक्विक बाटलीतून थेट नाही, थेंब पत्र्यावर काढून सुईच्या टोकानं घ्यायचा. खोलीत हवा खेळती ठेवा, थिनर आणि सॉल्व्हंट दोन्ही डोकं धरतात.

रंगाबद्दल थोडंच सांगतो. आधी ग्रे प्रायमर, मग जो रंग तुमच्या इंजिनाचा आहे तो, जरा उन्हानं विटलेला. गंज सगळीकडं फासू नका, चालू इंजिनाला तेल लागलेलं असतं आणि तेल लागलेलं लोखंड गंजत नाही. गंज सायलेन्सरवर, कारण तिथला रंग उष्णतेनं जळून जातो, आणि जीआय पाइपाच्या आट्यांवर. फ्युएल पंपाच्या आणि इंजेक्टरच्या खाली डिझेल झिरपून त्यावर धूळ बसते, काळपट, मॅट, खाली ओघळलेली. हेडमधून निघणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाच्या तोंडाला क्षाराचा पांढरा थर. जिथं रोज हात लागतो, हँडलची मूठ, कॉकची चावी, बंद करायचा लिव्हर, तिथं रंग उडून धातू चकाकतो, तो ६बी पेन्सिलचा चुरा बोटानं घासून येतो.

शेवटचं काम फाउंडेशनचं. इंजिन काँक्रीटच्या ओट्यावर किंवा लाकडी सऱ्यांवर चार बोल्टांनी बसवलेलं असतं, आणि इथं मी स्टायरीनचे नाही, खरे १ मिमी आटे पाडलेले पितळी बोल्ट वापरतो, तळाच्या लाकडातून आरपार आणि खालून नट. त्यामुळं इंजिन तळापासून सुटं करता येतं, क्रँककेसच्या खालच्या अंगाला रंग लावता येतो, वाहून नेताना मॉडेल उखडत नाही, आणि पंपाशी कपलिंग सरळ रेषेत आणायचं असेल तर खऱ्यासारखेच इंजिनाच्या पायाखाली पत्र्याचे पातळ तुकडे सरकवून लेव्हल करता येतं. ते तुकडे तसेच दिसू द्या, खऱ्या इंजिनाखालीही ते असतात.